बेरीज १७९ : सातवीच्या एका सराव पाठाचा प्रकरण अभ्यास

पडद्यावर एक त्रिकोण होता. कोनांशेजारी आकडे होते ४७°, ६२° आणि ७०°. खाली ठळक निळ्या अक्षरांत ओळ होती, 'तिन्ही कोनांची बेरीज = १८०°'. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने वहीच्या समासात बेरीज मांडली आणि हात वर केला.

"बाई, एकशे एकोणऐंशी होतात."

छात्राध्यापिकेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "नीट कर बघू. कॉम्प्युटर चुकत नाही."

मुलीने पुन्हा केली. ४७ आणि ६२, १०९. त्यात ७०, १७९. आता शेजारच्या दोघींनीही करून पाहिली होती. मागून एक मुलगा गुजरातीत म्हणाला, "खोटुं छे." वर्ग हसला. छात्राध्यापिकेने घाईने शिरोबिंदूला बोट लावून त्रिकोण हलवला, आकडे बदलले, आणि पाठ पुढे गेला. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते. त्या मुलीने समासातली बेरीज खोडरबराने पुसली, ते मला तिथून स्पष्ट दिसलं.

हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते त्या पुसलेल्या बेरजेमुळे.

कोण, कुठे

मी बडोद्यातल्या एका बी.एड. महाविद्यालयात गणिताची अध्यापनपद्धती शिकवते. शैक्षणिक तंत्रज्ञानाचे तासही माझ्याकडेच आहेत. ही छात्राध्यापिका मूळची भुसावळची. गणित घेऊन बी.एस्सी. केलं आणि बी.एड.साठी दांडिया बाजारात मावशीकडे राहायला आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. शाळा शहराच्या जुन्या भागातली, मराठी माध्यमाची. मुलं घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात, वर्गात मराठी आणि वर्गाबाहेर पडली की गुजराती. एका खोलीत मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल आहे. मुलं त्याला 'मोठा टीव्ही' म्हणतात आणि त्या खोलीत जायचं म्हटलं की रांग मोडून पळतात.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात २० आठवडे शाळेत काढायचे असतात आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची समज हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. म्हणजे कागदावर कुठे उणीव नाही. आमच्या प्रयोगशाळेत या मुलीने जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर हलत्या गणिती आकृत्या काढण्याचं सॉफ्टवेअर, फार लवकर हस्तगत केलं. बिंदू, रेषाखंड, कोन, हलता मजकूर, रंग, सगळं. बाकीच्यांच्या फाइली अडल्या की ते तिच्याकडे जात.

शाळेत जाण्याआधी तिने हाच पाठ महाविद्यालयात सोबत्यांसमोर घेतला होता. माझ्या निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा १० गुणांचा रकाना होता. मी ९ दिले. काय पाहून दिले, तेही वहीत लिहिलेलं आहे: फाइल आधीच उघडून ठेवलेली, अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता येतात, वर्गाकडे पाठ करून बोलत नाही, इंटरनेट गेलं तरी अडणार नाही. यातलं एकही निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण समोर बसलेल्या बावीस पदवीधरांना उत्तर १८० आहे हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे कोणीच बेरीज करून पाहिली नाही. मीही केली नाही.

सोबत्यांसमोर घ्यायच्या अशा छोट्या सराव पाठाची, सूक्ष्मपाठाची, परंपरा बडोद्याला परकी नाही. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत सुरू झाली आणि भारतात ती रुजवण्यात १९७० च्या दशकात इथल्या विद्यापीठाच्या शिक्षणशाखेचा, विशेषतः प्रा. बी. के. पासी यांचा मोठा वाटा होता. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा ६ पाठ आणि ६ प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र आम्ही आजही वापरतो. या पद्धतीवर माझी श्रद्धा आहे. पण सोबती विद्यार्थ्याचं सोंग घेऊन समोर बसतात तेव्हा त्यांना न समजण्याचं सोंग मात्र जमत नाही, आणि पडदा मध्ये आला की ही त्रुटी दुप्पट होते.

पस्तीस मिनिटं

वर्गात ३८ मुलं होती. तिने व्याख्या सांगितली, पॅनल सुरू केला, त्रिकोण दाखवला. शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात आणि खालची बेरीज तशीच राहते, हे चार वेळा करून दाखवलं. मुलं "वा" म्हणाली. मग १७९ चा प्रसंग झाला. त्यानंतर तिने एका मुलाला पुढे बोलावून त्रिकोण ओढायला दिला. त्याने वरचा शिरोबिंदू सरळ पायाच्या खाली ओढून नेला. त्यासरशी तिन्ही कोन तीनशेच्या घरात गेले आणि खालची ओळ सांगू लागली, 'तिन्ही कोनांची बेरीज = ९००°'.

वर्गात एकच गोंधळ. तिने फाइल बंद करून पुन्हा उघडली, १८० परत आणले, वहीत नियम लिहून घ्यायला सांगितलं आणि वेळ मारून नेली. घंटा झाली तेव्हा सगळ्या वह्यांत नियम होता. त्रिकोण एकाही वहीत नव्हता.

खोटुं आणि खोटं

शाळेच्या जिन्यावर बसून आम्ही बोललो. तिचे डोळे भरून आले होते. तिला ९०० चं इतकं वाईट वाटलं नव्हतं. "मॅडम, मुलं मला खोटारडी म्हणाली," ती म्हणाली.

तिने 'खोटुं' मराठीतल्या खोट्यासारखं ऐकलं होतं. भुसावळहून आलेल्या मुलीचं तसं होणारच. गुजरातीत 'खोटुं' म्हणजे चूक असाही अर्थ होतो, आणि इथे तो तेवढाच होता: उत्तर बरोबर नाही. 'साचुं' म्हणजे बरोबर, 'खोटुं' म्हणजे चूक. इथली मुलं पाढे तपासतानाही तेच शब्द वापरतात. त्या मुलाने तिच्यावर खोटेपणाचा आरोप केला नव्हता. पडद्यावरचं गणित चुकलंय, असं तो म्हणत होता, आणि ते बरोबर होतं.

हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "पण चुकलं कुठे? फाइल तर बरोबर आहे."

मी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन मोबाइलवर तीच फाइल उघड, त्रिकोण वीस वेळा हलव आणि दर वेळी दिसणाऱ्या तीन आकड्यांची बेरीज हाताने कर, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती वहीचं एक पान घेऊन आली. वीसपैकी पंधरा वेळा १८०, तीनदा १७९, दोनदा १८१. कारणही तिनेच शोधलं होतं. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून तिने राउंडिंग शून्य दशांशावर ठेवलं होतं. खरे कोन होते ४७.४°, ६२.३° आणि ७०.३°. त्यांची बेरीज नेमकी १८०. पण जवळच्या पूर्णांकाला आणताना तिन्ही आकडे खाली आले आणि मिळून एक अंश गळाला. खालची ओळ मात्र जिओजेब्रा मूळच्या, न कापलेल्या किमतींवरून काढत होतं. म्हणून एकाच पडद्यावर दोन वेगळी उत्तरं उभी होती आणि ती पकडली बारा वर्षांच्या मुलीने.

हे क्वचित घडतं असंही नाही. कोन कसेही पडोत, पूर्णांकात दाखवलेल्या तीन कोनांची बेरीज साधारण चारातून एकदा १८० येत नाही. हिशेब मांडला तर नेमकं तेवढंच प्रमाण निघतं. दशांश वाढवले तरी प्रश्न सुटत नाही, फक्त बारीक होतो: १७९.९ दिसतं, नाहीतर १७९.९९.

९०० चं कारण वेगळं होतं. जिओजेब्रा कोन ठरलेल्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट मोजतं. शिरोबिंदू पायाच्या पलीकडे गेला की बिंदूंचा क्रम उलटतो आणि आतल्या कोनाऐवजी बाहेरचा प्रविशाल कोन दिसू लागतो. असे तिन्ही कोन मिळून ३ × ३६० − १८०, म्हणजे ९००. कोन ०° ते १८०° मध्येच दाखवायचा, अशी सोय जिओजेब्रात कोनाच्या सेटिंगमध्ये असते. ती तिला माहीत नव्हती, आणि मी कधी शिकवली नव्हती.

तिने तंत्रज्ञान कुठे पाहिलं होतं

बोलता बोलता एक गोष्ट निघाली, जी मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. मी विचारलं, "वर्गात पडदा लावून शिकवतात, हे तू पहिल्यांदा कधी पाहिलंस?" ती म्हणाली, बारावीत. म्हणजे २०२०-२१ चं वर्ष. आईचा मोबाइल, त्यावर सरांचा आवाज आणि सरकणारी पानं. शंका विचारायची तर सगळ्यांचे माइक बंद. वर्षभर तिने पडद्याकडे पाहून उतरवून घेतलं, आणि चांगले गुण मिळवले. तिच्या मनात पडद्यावरचं म्हणजे पक्कं, ते उतरवायचं, हे तेव्हाच ठसलं. 'कॉम्प्युटर चुकत नाही' हे वाक्य तिने त्या दिवशी घाबरून बनवलेलं नव्हतं.

आमच्या तासाला आम्ही पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट शिकवतो: आशयाचं ज्ञान, अध्यापनाचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान, आणि तिन्ही एकमेकांत मिसळतात ती जागा. तीन वर्तुळं काढायची, मधला भाग रंगवायचा. परीक्षेत हिने ती आकृती सुरेख काढली होती. तिला गणित येत होतं, पाठ टाचण लिहिता येत होतं, जिओजेब्रा तर माझ्याहून चांगलं येत होतं. मापन आणि सिद्धता यांतला फरकही तिला बी.एस्सी.ला शिकवलेला होता. पण पडद्यावरचा '४७°' हाही कोनमापकाने घेतलेल्या मापासारखाच एक वाचलेला आकडा आहे, त्याने काही सिद्ध होत नाही, हा विचार तीन वर्तुळांपैकी एकातही नव्हता. तो मधल्या भागातलाच आहे, आणि तो भाग आम्ही फक्त रंगवायला शिकवला होता.

दर वर्षी नव्या तुकडीला मी बडोद्याची एक गोष्ट सांगते, ती हिलाही पुन्हा सांगितली. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. पुढे अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल बोर्डन यांच्या देखरेखीखाली १९१० नंतर ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. त्या ग्रंथालय खात्याची एक दृक्-शिक्षण शाखा होती. तिची माणसं जादूचा कंदील (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि चलचित्रं घेऊन गावोगाव जात. शंभर वर्षांपूर्वी पडदा लागला तो गावकऱ्याला एरवी दिसणार नाही ते दाखवायला. त्रिकोण तर मुलाच्या वहीतही काढता येतो. मग पॅनलवर असं काय दाखवायचं, जे वहीत दिसणारच नाही? हा प्रश्न घेऊन ती आठवडाभर राहिली.

पुन्हा तोच वर्ग

दुसऱ्या तुकडीवर नव्याने पाठ घेणं सोपं होतं. तिने तोच वर्ग मागितला, कारण त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. वर्गशिक्षिकांनी तास दिला, पण स्पष्टच म्हणाल्या, "एका नियमाला दोन तास दिले तर माझा अभ्यासक्रम कोण पुरा करणार?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. या शाळेत एकच शिक्षिका सातवीचं गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवते.

या वेळी पॅनल बंद होता. प्रत्येकाने वहीत हवा तसा त्रिकोण काढायचा, कोन मोजायचे, बेरीज फळ्यावर येऊन लिहायची. ३५ मुलं हजर, कोनमापक १९. त्यातले कित्येक इतके घासलेले की आकडे उजेडाकडे धरूनच वाचता यायचे. मी एका मुलाशेजारी बसले. त्याने कोनमापकाची खालची प्लास्टिकची कड बाजूवर टेकवली आणि माप वाचलं. शून्याची रेघ त्या कडेच्या काही मिलिमीटर वर असते, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्याची बेरीज १७४ आली. पुढच्या बाकावरच्या मुलीने ६२ च्या जागी दुसऱ्या ओळीतले ११८ वाचले आणि २३६ घेऊन आली.

फळा भरला: १७४, १७८, १८३, १८०, १७९, २३६, १८१... छात्राध्यापिकेने एकही आकडा पुसला नाही. फक्त विचारलं, "यातला कुठला तुम्हाला खटकतो?" सगळ्यांनी २३६ कडे बोट दाखवलं. ती मुलगी स्वतःच उठली, त्रिकोणाकडे बघून म्हणाली, "माझा कोन तर निमुळता आहे, एकशे अठरा कसा असेल?" आणि वही घेऊन बसली. हे दोन मिनिटांचं काम होतं, आणि आधीच्या अख्ख्या पाठात असं एकही मिनिट नव्हतं.

मग पॅनल लागला. त्रिकोण तोच, राउंडिंग मुद्दाम शून्य दशांशावर, बेरजेची निळी ओळ काढून टाकलेली. ४७, ६२, ७०. "करा बेरीज." तिसऱ्या बाकावरची ती मुलगी या वेळी हात वर न करता बाईंकडे नुसती बघत राहिली. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी ऐकायला हवं होतं. आता सगळ्यांना सांग." तिने सांगितलं.

पडद्यावर १७९ का यावेत, याचं उत्तर मागे 'खोटुं छे' म्हणणाऱ्या मुलाकडूनच आलं. त्याच्या काकांचं दुधाचं दुकान आहे. "काट्यावर सत्तेचाळीस रुपये चाळीस पैसे येतात, काका सत्तेचाळीसच घेतात," तो म्हणाला. "तीनदा असं झालं तर रुपयाचा फरक पडणारच." तिने दोन दशांश सुरू केले आणि खरंच तिथे ४७.४० होते. माझ्या पाठ टाचणात इतकं चपखल उदाहरण मला सुचलं नसतं.

यानंतर तिने पडदा ज्यासाठी राखून ठेवला होता ते आलं. वरचा शिरोबिंदू हळूहळू पायाकडे आणायचा. आणण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: वरचा कोन वाढेल की कमी होईल, आणि बिंदू पायाला टेकला तर किती होईल? निम्म्याहून जास्त वह्यांत 'शून्य' होतं. त्रिकोण चपटा होतो म्हणजे सगळंच संपतं, असं त्यांना वाटलं. बिंदू खाली येऊ लागला तसा वरचा कोन १२०, १५०, १७० होत गेला, बाजूचे दोन आक्रसत गेले. टेकला तेव्हा १८०, ०, ०. वर्ग शांत होता. एका मुलाने विचारलं, "म्हणजे ते दोघांचे अंश वर गेले?" असा सलग बदल वहीत दाखवता येत नाही. पॅनलचं सोनं झालं ते या दीड मिनिटात.

शेवटी पॅनल बंद करून कागदाचे त्रिकोण, कोपरे फाडून एका रेषेवर जुळवणं, आणि मग फळ्यावर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा. व्युत्क्रम कोन मुलांना येत होते. पण ही सिद्धता अर्ध्यावर असताना घंटा झाली. उरलेली तिने दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांच्या तासातली दहा मिनिटं मागून पुरी केली. वेळेचं गणित तिला अजून जमत नाही, हे मी प्रत्याभरणात लिहिलं आहे. तिने पहिल्या भागात बारा मिनिटं जास्त घेतली. तिच्या जागी असते तर मीही घेतली असती.

तक्ता

माझ्या निरीक्षण तक्त्यातला 'तंत्रज्ञानाचा वापर' हा रकाना मी काढला. त्या जागी आता तीन ओळी आहेत: पडदा लागण्याआधी मुलांच्या वहीत काय होतं, पडद्यावर असं काय दाखवलं जे फळ्यावर किंवा वहीत दाखवता आलं नसतं, मुलाचं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर वेगळं आलं तेव्हा काय केलं. तिसरी ओळ बऱ्याच पाठांत कोरी राहते, कारण तसं काही घडतच नाही. तेव्हा ती कोरी का राहिली यावरच आम्ही बोलतो. सोबत्यांसमोरच्या पाठातही एक बदल केला आहे. दोन छात्राध्यापकांचं काम एवढंच असतं की पडद्यावरचा प्रत्येक आकडा हाताने करून पाहायचा.

चिठ्ठ्या

दुसऱ्या पाठाच्या शेवटच्या तुकड्यानंतर तिने मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. प्रश्न एकच: प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° च का असते? ३५ चिठ्ठ्या आल्या. १४ जणांनी समांतर रेषा काढून कोन दाखवले होते, त्यातल्या दोघांची रेषा चुकीच्या बाजूला होती. १२ जणांनी लिहिलं होतं की तिन्ही कोपरे जुळवले की सरळ रेघ होते. तिघांनी काही लिहिलं नव्हतं. आणि सहा चिठ्ठ्यांवर होतं, 'कॉम्प्युटरने मोजलं म्हणून.'

ती सहा जणांची नावं तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आहेत. पुढच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत त्या सहांना घेऊन बसायची परवानगी तिने मागितली, आणि ती मिळाली आहे. पॅनलची खोली तिने मागितलेली नाही.